एओविनची जागा

लेगोच्या एका राखाडी प्लेटवर दोन स्टडांची, म्हणजे ठोकळे ज्यांवर बसतात त्या दोन गोल उंचवट्यांची, एक जागा मी २०१४पासून मोकळी ठेवली आहे. सोळा मिलिमीटर लांब, आठ मिलिमीटर रुंद. लेगोच्या एका मिनिफिगरला, म्हणजे त्या इवल्याशा प्लास्टिकच्या माणसाला, उभं राहायला एवढंच लागतं. त्या जागेसमोर शत्रूचा सेनापती विच-किंग उभा आहे, मागे थेओडेन राजा आडवा पडला आहे आणि बाजूला छोट्या तलवारीसह मेरी नावाचा हॉबिट, म्हणजे बुटक्या जमातीतला एक तरुण, आहे. ज्यांनी टॉल्किनची कादंबरी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ वाचली आहे, त्यांना हे रणांगण कुठलं आणि तिथे कोण कमी आहे हे सांगावं लागणार नाही.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. तीन खंडांपैकी पहिला त्याने माझ्या हातात दिला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. सुरुवातीची पानं मला काही केल्या ओढेनात. हॉबिटांचे वाढदिवस, त्यांची घराणी, कोण कुणाचा कोण. दादा म्हणाला, "रिव्हेंडेलपर्यंत तरी जा, मग हवं तर सोड." रिव्हेंडेलपर्यंत गेले आणि सोडायचं राहूनच गेलं.

तिसऱ्या खंडात रोहानच्या घोडेस्वारांमध्ये डर्नहेल्म नावाचा एक अबोल तरुण येतो. छोट्या मेरीला युद्धावर न्यायला राजाने नकार दिलेला असतो. हा डर्नहेल्म त्याला गुपचूप आपल्या घोड्यावर पुढ्यात घेतो आणि झग्याखाली लपवतो. मला जराही शंका आली नव्हती. मग पेलेनोरच्या मैदानात राजा स्वतःच्याच घोड्याखाली सापडतो, आजूबाजूचे सगळे उधळतात, आणि विच-किंगच्या पंखधारी श्वापदासमोर हा एकटा उभा राहतो. हेल्मेट निघतं, केस मोकळे होतात. ती एओविन असते, राजाची भाची. ते प्रकरण मी त्या रात्री तीनदा वाचलं. सकाळी दादाला म्हटलं, "तुला माहीत होतं आणि तू सांगितलं नाहीस!" तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तू मला कधी माफ केलं असतंस का?"

दादाचा माणूस वेगळा. त्याला बोरोमिर हवा. अंगठीच्या मोहात पडून फ्रोडोवर हात टाकणारा, आणि त्याच दिवशी मेरी-पिपिनला वाचवताना अंगावर बाण झेलत मरणारा. दादा त्याच्याबद्दल बोलायला लागला की त्याचा आवाज खाली येतो, अजूनही.

तेव्हा या गाथेच्या फिगर्स नव्हत्या. चित्रपट २००१ ते २००३मध्ये येऊन गेले होते, पण लेगोच्या कुठल्याच बॉक्सवर ते नाव नव्हतं. आम्ही होतं त्यावर भागवायचो. लेगोच्या कॅसल मालिकेत २००७पासून सांगाडे आले, २००८मध्ये ट्रोल आणि ड्वार्फ आले. त्यातला एक दाढीवाला आमचा गिमली झाला, ट्रोल झाले ऑर्क. पण माणसांचे चेहरे सगळे पिवळे. मिनिफिगर १९७८मध्ये आली तेव्हा तो पिवळा रंग मुद्दाम निवडलेला होता, कुठल्याच वंशाचा न वाटणारा. दोन ठिपक्यांचे डोळे आणि एक हसू, आणि ते हसू १९८९मध्ये पायरेट्स मालिका येईपर्यंत सगळ्यांना सारखंच. खऱ्या त्वचेचे रंग परवाना घेऊन केलेल्या मालिकांमध्ये २००४पासून रुळले. म्हणजे आमच्या मध्य-पृथ्वीतले लोक एका जुन्या, आनंदी जगातून उसने आणलेले होते. बोरोमिरचं काम करणारा शिपाई मरतानाही हसायचा. एओविनसाठी तर हाताशी काहीच बसेना. त्या बॉक्समध्ये बायका फारच थोड्या असत.

डिसेंबर २०११मध्ये बातमी जाहीर झाली: लेगो या गाथेचे सेट काढणार. दादा तेव्हा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात होता. त्याचा मेसेज आला, तीनच शब्दांचा: "येतायत. खरंच येतायत." फिगर्स प्रत्यक्ष हातात यायला २०१२चा मध्य उजाडणार होता.

ते सहा महिने मला फार जवळचे वाटतात. आम्ही दोघांनी तिन्ही खंड पुन्हा वाचायला काढले, पण या वेळी वेगळ्या डोळ्यांनी. कुणाच्या अंगावर काय आहे, झगा कुठल्या रंगाचा, कमरेला काय लटकतंय, केस किती लांब. पहिल्या वाचनात ज्या वर्णनांवरून नजर घसरली होती, त्यांच्याखाली आता पेन्सिलीच्या रेघा पडल्या. रात्री फोनवर आम्ही एकेका पात्राची फिगर बांधायचो. मिनिफिगरचं डोकं म्हणजे एक सिलिंडर. त्याला नाक नाही, कान नाहीत, जे काही आहे ते रंगाने छापायचं. मग एल्फ लेगोलसचे टोकदार कान? दादा म्हणाला, "डोक्यावर जमणार नाही. केसांच्या तुकड्यातच घालावे लागतील." आले तेही तसेच, केसांतून बाहेर डोकावणारी दोन टोकं. गोलमवर आम्ही तीन रात्री घालवल्या. तो कमरेत वाकलेला, हाडांचा सापळा. ठोकळ्यासारख्या धडात तो मावेल कसा? त्याला स्वतःचा साचाच हवा, या निर्णयावर आम्ही पोचलो, आणि पुढे त्याची फिगर खरोखरच स्वतःच्या साच्यातून आली. तेव्हा मला स्वतःचा जो अभिमान वाटला तो परीक्षेतल्या मार्कांनीही कधी वाटला नव्हता.

दोन चेहऱ्यांचं डोकं ही मला या सगळ्यातली सर्वांत सुंदर कल्पना वाटते. एका बाजूला एक भाव छापलेला, मागच्या बाजूला दुसरा, आणि मागचा केसांखाली झाकलेला. डोकं फिरवलं की शांत माणूस घाबरतो. फ्रोडोला ते हवंच होतं. एओविनला तर त्याहून जास्त, असं माझं म्हणणं: एका बाजूला मेदुसेल्डच्या, म्हणजे राजाच्या महालाच्या, दारात उभी असलेली गोठलेली मुलगी, दुसऱ्या बाजूला पेलेनोर. मी तिच्यासाठी वहीत टॉर्सो, म्हणजे फिगरचं धडसुद्धा काढलं होतं. पांढरा पोशाख, कमरेला सोनेरी पट्टा. दुसरा टॉर्सो चिलखताचा. दादा म्हणाला, "एकाच सेटमध्ये दोन टॉर्सो कोण देतं?" मी म्हटलं, "तिला द्यावेच लागतील."

मग चित्रं यायला लागली. सेटची नावं, क्रमांक, कुठल्या बॉक्समध्ये कोण. आम्ही दोघं फोन कानाला लावून आपापल्या स्क्रीनसमोर बसलो होतो आणि एकेक नाव मोठ्याने वाचत होतो. गँडाल्फ आणि फ्रोडो ९४६९मध्ये. सॅम ९४७०मध्ये, शेलॉब आणि गोलमबरोबर. मेरी आणि अ‍ॅरागॉर्न ९४७२मध्ये, वेदरटॉपवर. पिपिन, गिमली, लेगोलस, बोरोमिर ९४७३मध्ये, मोरियाच्या खाणीत. अंगठीबरोबर निघालेले नऊ सोबती चार बॉक्समध्ये विखुरलेले होते. "बोरोमिर मोरियात," दादा म्हणाला, आणि पुढचं काही वाचेचना.

मी वाचत गेले. ९४७४, हेल्म्स डीपची लढाई, १३६८ पीसेस: अ‍ॅरागॉर्न, गिमली, हाल्दिर, थेओडेन, आणि शत्रूचे सैनिक उरुक-हाय. राजा आहे, भाची नाही. ९४७१, उरुक-हायची फौज: एओमर आहे. भाऊ आहे, बहीण नाही. एओमरबरोबर रोहानचा एक साधा शिपाई आणि चार उरुक-हाय. मी यादी दोनदा वर-खाली केली. दादाला कळलं असावं, कारण तो म्हणाला, "पुढच्या वर्षी येईल गं. पहिल्याच वर्षी सगळे नसतात येत."

मी ९४७१ घेतला. पैसे वाचवून घेतलेला तो माझा पहिला मोठा बॉक्स. खरं तर मला हवी असलेली व्यक्ती त्यात नव्हती, पण तिच्या सगळ्यांत जवळचा माणूस त्यात होता.

पिशव्या उघडल्या आणि आधी घोडा हातात घेतला. लेगोच्या जुन्या घोड्याचे पाय एकसंध, गतिहीन. त्याची मान तेवढी हलायची. २०१२चा हा घोडा नवीन साच्यातला होता, मागचे पाय फिरणारा, म्हणजे पुढचे पाय उचलून खिंकाळत उभा राहू शकणारा. तो मागच्या पायांवर उभा राहिला तेव्हा मी एकटीच खोलीत होते आणि तरी मोठ्याने "अरे!" म्हणाले. घोडेस्वारांच्या देशाच्या फिगर्स याच घोड्याशिवाय आल्या असत्या तर अर्ध्याच वाटल्या असत्या.

एओमर जुळवून झाला. मग तो साधा शिपाई. त्याला नाव नाही, बॉक्सवर फक्त ‘रोहानचा सैनिक’. मी त्याला हेल्मेट घातलं, घोड्यावर बसवलं, आणि तसाच हात थबकला. हेल्मेट चढल्यावर केस दिसत नाहीत. नाव नसलेला, कुणाच्या लक्षात न येणारा एक स्वार. पुस्तकात ती अशीच तर आलेली होती! राजाला ओळखू आली नाही, सख्ख्या भावाला ओळखू आली नाही, मलाही नाही.

मी दादाला फोन लावला. "ती आहे यात," मी म्हटलं.

"कुठे?"

"हेल्मेटखाली."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "चेहरा बदल फक्त."

चेहरा बदलायला तीन आठवडे लागले. घरात बायकांची डोकी होती ती सगळी कॅसल आणि सिटीची, म्हणजे पिवळी, आणि शिपायाचे हात माणसाच्या रंगाचे. पिवळं डोकं ठेवलं की तो मुखवटा वाटायचा. शेवटी दुसऱ्या एका परवान्याच्या मालिकेतलं सुटं डोकं मिळालं, दोन चेहऱ्यांचं: एक शांत, एक दात-ओठ खाणारा. भुवयांचा रंग थोडा गडद होता, पण हेल्मेटच्या सावलीत चालून जायचा. अधिकृत तुकड्यांचीच अदलाबदल, रंग नाही, कापाकापी नाही, हा आमचा नियम होता आणि मी तो मोडला नाही. काही चाहते स्वतः प्रिंट करून घेतात, त्यांचं काम फार देखणं असतं. मला मात्र त्याच कारखान्यातून निघालेल्या तुकड्यांतून ती सापडायला हवी होती.

मेरीला तिच्या पुढ्यात बसवायचं ठरवलं. दादाने वेदरटॉपचा सेट घेतला होता, त्यातला मेरी त्याने सुट्टीत येताना आणला. तिथे अडलं. हॉबिटांचे आखूड पाय वाकत नाहीत. ते एक सलग तुकडा असतात. मेरी बसूच शकत नाही. आणि घोड्याच्या खोगिरात जागाही एकाचीच. आम्ही तासभर खटपट केली, झग्यात अडकवून पाहिलं, खोगीर काढून पाहिलं. शेवटी मेरी घोड्याशेजारी उभा राहिला, हात वर केलेला, जणू आता उचलून घेईल म्हणून. तो आजही तसाच दिसतो, आणि तो क्षणही पुस्तकात आहेच की.

दादाने हेल्म्स डीप घेतला. भिंत उभी करायला आम्हाला दोन दिवस लागले. भिंतीचा एक भाग सुरुंगाने उडावा तसा सुटा होतो आणि आम्ही तो इतक्या वेळा उडवला की मोजदाद नाही. थेओडेन तेव्हा मिळाला. मोरिया मात्र राहिला. आधी तो पुढच्या महिन्यात घ्यायचा ठरला, मग त्याच्या पुढच्या, आणि एक दिवस तो दुकानांतून नाहीसा झाला. सेट ‘रिटायर’ होतो म्हणतात त्याला. लेगोलस आणि गिमली पुढे दुसऱ्या सेटमधूनही मिळत गेले. बोरोमिर आणि पिपिन तेवढे त्या एकाच बॉक्समध्ये होते. दादाकडे नवापैकी सात झाले आणि तिथेच थांबले.

पुढच्या वर्षी आणखी सेट आले: एलरॉंडची सभा, काळं दार, ऑर्थांकचा २३५९ पीसेसचा मनोरा. अर्वेन आली, सारुमान आला, ग्रिमा वर्मटंगसुद्धा आला. ज्याने एओविनला इतकं छळलं, तो आला. ती नाही. त्याच सुमारास ‘द हॉबिट’चे सेट सुरू झाले होते. त्यातल्या तेरा ड्वार्फांना एकत्र आणायला पाच बॉक्स लागले. दादा म्हणाला, "आता तेरा जणांच्या मागे नाही लागत बाबा मी." पण बालिन त्याने घेतला, कारण मोरियातली बालिनची समाधी त्याच्या मनातून जात नव्हती.

२०१४मध्ये ‘विच-किंगची लढाई’ नावाचा एक छोटा सेट आला, १०१ पीसेसचा. एलरॉंड, गॅलाड्रिएल आणि विच-किंग. मी तो विच-किंगसाठी घेतला. त्या संध्याकाळी राखाडी प्लेट काढली, थेओडेनला आडवं ठेवलं, मेरीला बाजूला, समोर विच-किंग. माझी हेल्मेटवाली घोड्यावरून उतरवून मध्ये उभी केली. पाहिलं, आणि काढून पुन्हा घोड्यावर बसवली. घोड्यावर ती डर्नहेल्म म्हणून शोभते. पण त्या क्षणी हेल्मेट निघालेलं हवं, केस खांद्यावर आलेले हवेत, आणि हेल्मेट काढलं की माझ्याकडे फक्त एक टक्कल आणि त्यावरचा स्टड होता. म्हणून ती दोन स्टडांची जागा मोकळी राहिली.

आणि मालिका संपली.

त्यानंतरची आठ-नऊ वर्षं सांगण्यासारखं फार नाही. माझं शिक्षण संपलं, दादाचं लग्न झालं, प्लेट तीन घरं फिरली. धूळ पुसायला मी मऊ ब्रश ठेवला होता. फिगर्स नव्हत्या तेव्हा वाट पाहणं सोपं होतं, असं मला त्या काळात वाटायचं. एकदा येऊन गेलेल्याची वाट जास्त जड असते.

एक गोष्ट त्या काळातली सांगायला हवी. दादाच्या वाढदिवसाला मी त्याच्यासाठी सुटा बोरोमिर शोधला. एका विक्रेत्याकडे मिळाला, फोटो अगदी हुबेहूब. पाकीट आलं आणि हातात घेताच कळलं. प्लास्टिक हलकं आणि जरा तेलकट, पाय सैल, चेहऱ्याची छपाई एका बाजूला सरकलेली. डोकं काढून मानेची खुंटी पाहिली. अस्सल फिगरच्या त्या खुंटीवर लेगोचं नाव बारीक अक्षरांत उठवलेलं असतं. ही खुंटी गुळगुळीत होती. मला रडू आलं. पैशांसाठी नाही. बोरोमिरच्या बाबतीत खोटं असं काही मला दादाच्या हातात द्यायचं नव्हतं. मी ती फिगर दिली नाही, आणि त्या वाढदिवसाला मी एवढी गप्प का होते हे त्याला बऱ्याच उशिरा सांगितलं. सुटी फिगर घेणाऱ्या प्रत्येकाला मी तेव्हापासून एकच सांगते: विकणाऱ्याकडून मानेच्या खुंटीचा आणि पायांच्या आतल्या बाजूचा जवळून फोटो मागा.

नव्या सेटची बातमी नेहमी एकाच चालीने येते. आधी नुसती कुजबुज, कुणी क्रमांक सांगतं, कुणी पीसेसचा आकडा. मग एखादा धुरकट फोटो, ज्यात लोक ठिपके मोजतात: हा तपकिरी ठिपका म्हणजे झगा, तो पिवळसर म्हणजे केस. रिव्हेंडेलच्या वेळी मी असा एक ठिपका अर्धा तास मोठा करून पाहत बसले होते. शेवटी फेब्रुवारी २०२३मध्ये तो रीतसर जाहीर झाला. १०३१६ क्रमांक, ६१६७ पीसेस, १५ मिनिफिगर्स. आणि त्या पंधरांत अंगठीबरोबर निघालेले नऊच्या नऊ जण. पहिल्यांदाच एका बॉक्समध्ये.

या वेळी दादाला फोन मी केला. त्याने उचलला तेव्हा मी फक्त म्हटलं, "बोरोमिर."

"पिपिन?"

"पिपिनही."

पलीकडे त्याची लेक विचारत होती, "बाबा, काय झालं?" त्याला तिला उत्तर देता येईना.

मार्चमध्ये सेट विक्रीला आला. तो दादाच्या घरी आला आणि आम्ही तिघांनी मिळून बांधला: दादा, त्याची लेक आणि मी. चार शनिवार-रविवार लागले. छपराच्या बारीक फरशा एकेक करून बसवताना बोटांची टोकं दुखायला लागतात, आणि तरी हात थांबत नाही, कारण त्या फिकट रंगांच्या उतरत्या ओळी वाढताना दिसतात. तुटलेल्या नार्सिल तलवारीचे तुकडे हातात धरलेला पुतळा जिथे येतो, तिथे दादाने लेकीला सगळी गोष्ट सांगितली. बोरोमिर त्याने स्वतः जुळवला. पाय, धड, हात, मग डोकं. डोकं लावण्याआधी दोन्ही चेहरे फिरवून पाहिले. मी हळूच म्हटलं, "खुंटी बघ." त्याने बघितली आणि हसला. बारा वर्षांपूर्वीचा तो बावीस वर्षांचा मुलगा मला त्या हसण्यात दिसला.

त्याने जुने सात जण बाहेर काढून नव्या नवांशेजारी उभे केले. हातांवरची छपाई, झग्यांचं कापड, चेहऱ्यांवरच्या बारीक रेषा, सगळ्यांत नवे सरस आहेत, यात वाद नाही. पण जुन्या अ‍ॅरागॉर्नचे सांधे सैल झालेत, झग्याच्या कडा उसवल्यात, आणि मला तोच जास्त चाललेला, जास्त रात्री बाहेर काढलेला वाटतो. भाचीनेही त्यालाच उचललं.

जून २०२४मध्ये बराद-दूर, म्हणजे गाथेतला मुख्य शत्रू सॉरॉन याचा मनोरा आला. ५४७१ पीसेसचा, ८३ सेंटीमीटर उंचीचा काळा मनोरा, वर पेटणारा डोळा, आणि सॉरॉनची फिगर. त्या वेळी मी ठरवून काहीच आधी पाहिलं नाही. फुटलेले फोटो पाहिले की उत्सुकता वाढते असं बरेच जण म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. धुरकट फोटोत दिसलेली फिगर मनात धुरकटच राहते, आणि बॉक्समधून निघालेली तिच्यावर कधी पूर्ण बसत नाही. सुरुवातीच्या दिवसांत त्या सेटबरोबर एक छोटा सेट भेट मिळत होता: नाझगूल, म्हणजे विच-किंगच्या टोळीतला एक स्वार, आणि त्याचं पंखधारी श्वापद.

ते श्वापद मी राखाडी प्लेटच्या मागे ठेवलं. पंख पसरले की सगळं मैदान त्याच्या सावलीत येतं. मग मी मागे सरकून पाहिलं. राजा २०१२चा. मेरी २०१२चा. घोडा २०१२चा. विच-किंग २०१४चा. श्वापद २०२४चं. बारा वर्षांत ते सगळं प्रकरण एकेक करून माझ्या टेबलावर जमलं होतं, एका मोकळ्या जागेभोवती गोल धरून. मी तो फोटो दादाला पाठवला. त्याने उत्तर लिहिलं नाही, फोनच केला, आणि आम्ही जुन्या दिवसांसारखं तासभर तिच्या टॉर्सोवर बोललो. पांढरा की चिलखत. मी अजून दोन्हीवर अडून आहे.

एप्रिल २०२५मध्ये शायर, म्हणजे हॉबिटांचा मुलूख आला. २०१७ पीसेस, नऊ फिगर्स. माझ्याच घरी बांधला, भाची राहायला आली होती. ती आता नऊ वर्षांची आहे आणि पहिल्या खंडात बिल्बोच्या वाढदिवसापाशी रेंगाळली आहे, मी रेंगाळले होते तिथेच. फिगर्सच्या पिशव्या तिने उघडल्या. बिल्बो, फ्रोडो, गँडाल्फ, सॅम. मग एक बाई निघाली, आणि भाचीने विचारलं, "आत्या, ही कोण?"

"रोझी कॉटन. सॅमची रोझी."

मी रोझीला हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. सगळ्या गाथेत तिच्या वाट्याला थोडीच पानं आहेत. सॅम मॉर्डॉरच्या राखेत तहानेने व्याकूळ झालेला असताना तिची आठवण काढतो, तेवढ्यावर ती माझ्या लक्षात राहिलेली. तिची फिगर होऊ शकते म्हटल्यावर मला एकदम उभारी आली.

रात्री दादाचा फोन आला. "आली का?" त्याने विचारलं. प्रत्येक सेटनंतर तो एवढंच विचारतो, कोण ते आम्हाला बोलावं लागत नाही.

"नाही. पण रोझी आलीये."

"रोझी? अगं, मग आता ती कितीशी लांब!"

भाची तेवढ्यात टेबलापाशी जाऊन राखाडी प्लेटकडे पाहत होती. तिने घोड्यावरच्या स्वाराकडे बोट केलं. "याचं नाव काय? याला हेल्मेट का? काढू?"

"नको," मी म्हटलं. "आधी तिसरा खंड वाच."